विमान जुपणारा

"पंख मोडलेलं इमान आनलं म्हंते चौकात," औषधवाल्याने रक्तदाबाच्या गोळ्या कागदी पिशवीत टाकता टाकता म्हटलं, आणि पिशवी घ्यायला पुढे केलेला दसरू कोव्याचा हात तसाच पुढे राहिला. विमानाचं त्याला काही नवल नव्हतं. बाबूपेठेवरून दिवसाकाठी चार-पाच विमानं जातात, लहान लेकरं बोट दाखवून ओरडतात, दसरू मान वर करत नाही. मान वर न करण्याची त्याची सवय जुनी आहे, तरुणपणात हाडात मुरलेली. पण 'पंख मोडलेलं' हे शब्द त्याला कुठेतरी बरगडीखाली लागले. मोडकं विमान शहरात मिरवायला कोण आणील? मोडलं तर भंगारात जाईल. आणि मग, दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवलेला असतानाच, त्याच्या मनात एक शक्यता उभी राहिली. ती इतकी अचानक आली की त्याने पायरीच्या कठड्याला हात टेकला. पंख मोडलेले नसतील. मिटलेले असतील. मिटलेल्या पंखांची विमानं जगात एकाच ठिकाणी असतात. तिथे जागा कमी असते, खाली पाणी असतं आणि जमीन कुठेच नसते.

"बाबा, गोळ्या!" औषधवाला मागून ओरडला. दसरू तोवर रस्ता ओलांडून गेला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने जेवढं भरभर चालावं, त्यापेक्षा तो बराच भरभर चालला. कोळशाचे ट्रक धूळ उडवत गेले, एका रिक्षावाल्याने "मरता का?" म्हणून विचारलं, त्याचंही त्याने वाईट वाटून घेतलं नाही. चौकात दोन महिन्यांपासून सिमेंटचा एक ओटा बांधून पडला होता, त्यावर तीन लोखंडी खांब तिरके उभे होते. कोणी म्हणत होतं पुतळा बसणार, कोणी म्हणत होतं कारंजं होणार. दसरूला मात्र तो ओटा पाहिला की आपल्या गावची आठवण यायची, एटापल्लीच्या पुढे, पक्का रस्ता संपल्यावर पाच कोस. त्याच्या बापाच्या नावाचा दगड तिथे गावाबाहेर उभा आहे. तो दगड आणायला बारा माणसं गेली होती. वडीलधाऱ्यांनी तेव्हा एकच गोष्ट बजावली होती, दगड सापडला तसा आणायचा, त्याला छिन्नी लावायची नाही. छिन्नी लावलेल्या दगडात गेलेला माणूस येऊन बसत नाही.

ओट्याशेजारी रस्त्यावर ते उभं होतं. क्रेनने ट्रेलरवरून नुकतंच खाली उतरवलेलं, आपल्या तीन चाकांवर, नाक किंचित वर. गर्दी जमली होती, मोबाइल वर झाले होते. दसरू गर्दीच्या मागे थांबला. छोटंसं, एकट्या माणसाचं, हल्ला करायचं विमान. समोरचा माणूस बाजूला झाला तेव्हा त्याला त्याचं पोट दिसलं, आणि पोटाखालचे हुकासारखे वाकलेले दोन लोखंडी आकडे. बाकी जगाला विमान म्हणजे नाक, पंख, शेपूट. दसरूला विमान म्हणजे ते दोन आकडे. त्याचे दोन्ही पंख मध्येच दुमडून वर उभे होते, पाहुण्याला रामराम करायला दोन हात उचलावेत तसे. रंग भलताच होता, निळ्यावर पांढरे पट्टे ओढून कुणीतरी त्याची वरात काढली होती. पण रंगाचं काय, ज्याची त्याची हौस. आतलं हाड तेच होतं. दसरूला एकदम रडू येईल असं वाटलं, मग हसू आलं, आणि दोन्ही एकदम आल्याने त्याला ठसका लागला.

ठसका ओसरतो तोच त्याला दुसरी गोष्ट दिसली. हातगाडीवरून गॅसकटिंगची दोन सिलिंडरं येत होती. गाडीमागे वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवलेला, तिशीचा एक माणूस होता. त्याला पुढून हात करणारा ठेकेदाराचा मुकादम फोनवर बोलत होता, "हो साहेब, अर्ध्या घंट्यात पंख वेगळे करतो, सपाट लावून वेल्डिंग मारतो, उद्या सकाळी कार्यक्रमाले रेडी." मुकादमाचं नाव अंकुश, हे दसरूला पुढच्या पाच मिनिटांत कळलं, कारण सगळे त्यालाच हाका मारत होते. विमान दुसऱ्या कुठल्याशा शहरात एका संस्थेच्या आवारात वीस-बावीस वर्षं तसंच मिटून पडलेलं होतं. तिथून इथे आलं, कागद वाटेत कुठे राहिले ते कुणाला ठाऊक नाही, आणि उद्या पाहुणे यायचे होते.

"काऊन कापता?" दसरूने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला.

"पंख मोडले ना बाबा. वर उभे झाले. असं मोडकं बसवाव का चौकात?"

"मोडले नाई. मिटले हायेत. मिटलेलं उघडाले कटर नाई लागत."

अंकुशने त्याच्याकडे पाहिलं. धोतर, स्वेटर, पायात रबरी चपला, गळ्यात लेकीने, दीपिकाने, विणलेला मफलर. "तुमाले कसं माईत?"

आता इथे उत्तर सोपं होतं. 'मी तिथे होतो.' तीन शब्द. पण ते तीन शब्द दसरूने पस्तीस वर्षांत कुणाला सांगितले नव्हते आणि त्याला कारण होतं. दीपिका दहा वर्षांची असताना तिच्या शाळेत सव्वीस जानेवारीला माजी सैनिक म्हणून त्याला बोलावलं होतं. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. बोलायची सवय नाही, तरी उभा राहिला आणि म्हणाला, मी जहाजावर होतो, जहाजावर विमानं होती, आणि विमान उडायच्या आधी मी त्याच्या पोटाखाली घुसून तार लावत होतो. लेकरं गप्प ऐकत होती. मग मुख्याध्यापक वामनराव हसत हसत माईकशी आले. माणूस वाईट नव्हता, जिभेचा मात्र सैल. "म्हंजे कोवेजी विमानाले बैलावानी जुपत होते म्हना!" सगळं पटांगण हसलं. हसता हसता एकाने विचारलं, "पान्यावर इमान उतरते त बुडत कसं नाई?" दुसऱ्याने विचारलं, "शिंगं होते का त्याले?" दसरूही हसला, करतो काय. पण हसताना त्याची नजर चौथ्या रांगेतल्या दीपिकाकडे गेली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. ती हसत नव्हती. त्या दिवसापासून तो मोहल्ल्यात 'इमान जुपनारे' झाला. नावाचा त्याला राग नव्हता. खरं म्हणजे वामनरावांनी थट्टेत जे म्हटलं, त्यापेक्षा नेमकं कुणाला सांगता आलं नसतं. पण लेकीचे ते दोन हात त्याच्या डोळ्यांपुढून हलले नाहीत, आणि त्याने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

कुलूप लावलं की आतल्या वस्तूंना वारा लागत नाही. गेल्या काही वर्षांत दसरूला स्वतःबद्दलच शंका येऊ लागली होती. हे तो कुणाला सांगणार? पेन्शनच्या कागदावर लिहिलंय ते एवढंच की अमुक साली नाविक म्हणून भरती, अमुक साली निवृत्त. त्यात विमान नाही, तार नाही, आकडे नाहीत. दुपारी अंगणात खाटेवर पडलेलं असताना त्याला वाटायचं, हे आपण पाहिलं की ऐकलं? गावची माणसं म्हणत होती, 'दसरू लबाड झाला शयरात जाऊन.' इतकी माणसं एक गोष्ट म्हणत असतील आणि आपण एकटे दुसरी, तर खोटं कोण? आज चौकात ती वस्तू उभी होती, हात लावता येईल इतकी जवळ, आणि अर्ध्या तासात तिचे पंख कापले जाणार होते. कापल्यावर ते विमानासारखं दिसलं असतं, फक्त विमान राहिलं नसतं. आणि दसरूही उरला असता तो फक्त गोळ्या आणायला निघालेला म्हातारा.

"मी तिथं होतो," तो म्हणाला. "जहाजावर. याच्याच खाली."

अंकुश हसला नाही, पण हसू आवरल्याचं दिसलं. बाजूचा कुणी म्हणालाच, "अरे, हे तं बाबूपेठचे इमान जुपनारे!" आणि मग थोडं हसणं झालं. ते दसरूने ऐकलं आणि आश्चर्य म्हणजे ते त्याला लागलं नाही. लागायची जागा दुसऱ्याच गोष्टीने भरून गेली होती. वेल्डिंगवाला मात्र हसत नव्हता. त्याने कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"चाचा, तुमची एक पेटी होती का? पत्र्याची, काळी?"

दसरूने मान हलवून हो म्हटलं.

"मी बाबूभाई पेटीवाल्याचा नातू, सलमान. दादा सांगत होते, एका आदिवासी पोऱ्याले पेटी करून देल्ली, तो जहाजावर गेला. दहा सालानं झाकन बसवाले परत आनली. दादानं पत्रा पाहून म्हटलं, हा पान्यानं नाई सडला, मिठानं सडला. पान्याचा गंज पसरतो, मिठाचा गंज भोकं पाडतो. दादा मरेपर्यंत दुकानात येनाऱ्याले सांगे, माही पेटी समुंदरावर जाऊन आली." सलमान अंकुशकडे वळला. "भाऊ, कटर मी नाई लावत. आधी चाचाले पाहू द्या."

"उद्या पाहुने येऊन राह्यले सलमान!"

"मंग उद्याच्या आधी पाहू द्या ना."

आयुष्यभर लोकांनी त्याचं तोंड बघून त्याला लबाड ठरवलं होतं आणि एका पेटीवाल्याने पत्रा बघून खरं ठरवलं होतं, हे दसरूला आज, इतक्या उशिरा, रस्त्याच्या मधोमध कळत होतं. बाबूभाई! अंगठा नसलेला, तंबाखू मळायला दुसऱ्याला सांगणारा. त्याने पेटीवर पांढऱ्या रंगाने नाव घातलं होतं, डी. कोवे, आणि विचारलं होतं, "कोनतं जहाज?" दसरू म्हणाला होता, "माईत नाई, मोठं हाये म्हंते." तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आश्रमशाळेत आठवी झालेली, बल्लारपूरच्या लाकूड डेपोत सागाचे ओंडके साखळीने आणि आकड्याने रेल्वेच्या वाघिणीत चढवायच्या कामावर होता. समुद्र चित्रातसुद्धा नीट पाहिलेला नव्हता. भरतीवाले आले, उंची मोजली, छाती मोजली, एकाने विचारलं पोहता येतं का, तो म्हणाला बांडिया नदीत येतं.

जहाजाच्या डेकवर बोललेलं काही ऐकू येत नसे. हे लोकांना कळत नाही, त्यांना वाटतं तिथे ओरडून हुकूम देतात. तिथे इंजिनाचा आवाज कानात नाही, दातांत घुसतो. सगळं काम हातांच्या खुणांनी चालतं. मूठ, तळवा, एक बोट, दोन बोटं, मनगट वळवणं. शहरातून आलेल्या पोरांना त्या खुणा बसायला महिना महिना लागला आणि दसरूला दोन दिवस. शिकवणाऱ्याने विचारलं, आधी कुठे शिकलास? काय सांगणार? रानात पारधीला गेल्यावर कोण बोलतं? अस्वल वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे हे बापाने त्याला सहाव्या वर्षी दोन बोटांनी सांगितलं होतं. खाली वाकून, आवाज न करता, कुणाच्या मागून कुठे सरकायचं, केव्हा दगड होऊन पडायचं, हे त्याला रानाने दिलेलं होतं. तेवढंच घेऊन तो समुद्रावर गेला आणि तेवढ्यावरच तिथे मान मिळवली. जहाज वाऱ्याला तोंड देऊन उभं राहायचं. विमान पुढे यायचं, चाकाला ठोकळा, आणि मग ते दोघे, डावीकडून दसरू, उजवीकडून दुसरा. तो दुसरा केरळकडचा होता, त्याची भाषा याला येत नव्हती, याची त्याला येत नव्हती. चार वर्षं दोघे एकमेकांशी जवळजवळ फक्त हातांनीच बोलले. दोघे पोटाखाली घुसायचे, जाड तारेचं एकेक टोक एकेका आकड्यात घालायचे, मधला फासा डेकच्या खाचेतून धावणाऱ्या लोखंडी खुंटीत. वाफेच्या धक्क्याने ती खुंटी सुटायची आणि विमान ओढून फेकायची. तार नीट बसली नाही तर विमान सरळ पाण्यात. म्हणून नियम होता. दोघांनी आपापल्या बाजूने बाहेर यायचं, एकमेकांकडे पाहायचं, अंगठा वर करायचा. दोन अंगठे दिसल्याशिवाय विमानात बसलेला साहेब हात उचलत नसे. वरून, काचेतून, साहेब त्यांच्याकडे पाहायचा. एवढा शिकलेला, एवढा शूर माणूस, आणि क्षणभर त्याचा जीव एका माडिया पोराच्या अंगठ्यावर टेकलेला असायचा. दसरूने हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या क्षणाचा त्याला इतका अभिमान होता की रात्री झोपायच्या टांगत्या झोळणीत पडल्यावर तो अंधारात आपला अंगठा डोळ्यांपुढे धरून पाहत असे.

सुटीवर घरी आला तेव्हा रुखमाने, त्याच्या आईने, मोहाची फुलं पसरता पसरता विचारलं होतं, "तू बसतं का त्याच्यात?"

"नाई याया. साहेब बसते."

"मंग तू कुठी असतं?"

"खाली. औताले बैल जुपते ना, तसा मी जुपतो."

रुखमाने थोडा विचार केला. ती कधी बसमध्ये बसली नव्हती. "म्हंजे तुह्याबिगर ते उडत नाई," ती म्हणाली, आणि परत फुलं पसरायला लागली. गावात त्याच्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच, आणि तिनेसुद्धा फार मोठी गोष्ट मान्य केली आहे असं दाखवलं नाही.

दसरू चपला काढून विमानाखाली गेला. गुडघे कुरकुरले. डाव्या चाकाच्या खोबणीत, वरच्या अंगाला, एक मूठ असते. ती ओढली की पंखाच्या सांध्यातली खीळ सुटते. इंजिन बंद असलं, तेलाचा दाब नसला, तर हातानेच मूठ ओढून, टेके काढून, दोरांनी पंख खाली घ्यायचे. हे काम त्याने भर वाऱ्यात केलं होतं. त्याने खोबणीत हात घातला. मूठ नव्हती. त्याने हात इकडे फिरवला, तिकडे फिरवला. खडबडीत ढेकळं लागली, गंजाचा पापुद्रा लागला, मूठ नाही. बाहेर अंकुशचे बूट दिसत होते, सलमानच्या सपाता दिसत होत्या, कुणाची तरी सायकल. दसरू तसाच बसून राहिला. म्हणजे ते खरं होतं तर, लोकांचं. आपण कुठेतरी ऐकलं आणि आपलं म्हटलं. बाबूभाईचा पत्रा? मीठ काय, पेटीत कुणी मिठाची पुडी सांडली असेल. त्याला अतिशय थकवा आला, इतका की इथेच, या सावलीत, आडवं व्हावं आणि वर काय कापायचं ते कापू द्यावं.

"बाबा, झालं का?" अंकुशचा आवाज.

खिशातला फोन वाजला. दीपिका. ती जिल्ह्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे, ड्यूटीवर असताना सहसा फोन करत नाही. "बाबा, तुमी कुठी हाय? औषधवाल्याचा फोन आला, गोळ्या सोडून पळाले म्हने. आनखी कोनी सांगून राह्यलं तुमी इमानाच्या खाली घुसले!"

"घुसलो," दसरू म्हणाला. एवढंच म्हणाला, पण तो शब्द त्याच्या तोंडातून जुन्या सवयीने निघाला आणि त्याबरोबर अंगही आठवलं. तो चुकीच्या बाजूने आला होता! आज मागून आला, सावली पाहून, म्हाताऱ्यासारखा. डेकवर मागून कुणी येत नाही, मागे आग असते. यायचं पुढून, नाकाखालून, वाकून, डावा खांदा चाकाला घासून, आणि हात न पाहता वर. त्याने फोन बंद केला, बाहेर आला, अंकुशला न बघता वळसा घालून नाकाकडे गेला आणि पुन्हा आत शिरला. खांदा चाकाला घासला. डोळे मिटले. हात वर गेला तो थेट मघाच्याच ढेकळांवर, पण या वेळी हाताला शंका नव्हती. माती होती ती. बोटांनी चाचपली तर गोल गोल नळ्या, एकावर एक. कुंभारमाशीचं घर! बावीस वर्षं माश्यांच्या पिढ्यांनी तिथे घरं बांधली होती. रानातल्या माणसाला हे कळायला इतका वेळ लागावा याची त्याला लाज वाटली, आणि तो तिथेच, विमानाच्या पोटाखाली, मोठ्याने हसला. नखांनी त्याने माती उकरली. कोरडी माती तोंडावर पडली, मनगटावर पडली, आणि तिच्यामागे गार, गोल, तळहातात मावणारी मूठ लागली.

"सलमान!" त्याने हाक मारली. त्या हाकेत चौऱ्याहत्तर वर्षं नव्हती. "डिझेल आन, हातोडी आन. लाकडी. दोर आन, जाड, दोन. आठ मानसं दे मले."

मग तासभर चौक दसरू कोव्याचा होता. डिझेल मुरायला वेळ लागला तेवढ्यात त्याने प्रत्येक माणसाला त्याची जागा दाखवली. तोंडाने फार बोलला नाही. तळवा, मूठ, दोन बोटं. अंकुशने आधी फोनवर "दहा मिनिटं साहेब" म्हटलं, मग "अर्धा घंटा", मग फोनच खिशात टाकला आणि दोराला हात घातला. उजवीकडच्या खोबणीत सलमानला पाठवताना दसरूने त्याचा खांदा धरला. "पुढून जाजो, नाकाखालून. मागून कधी नाई. तुही खीळ बसली की बाहेर ये, माह्याकडं पाह्य आन अंगठा दाखव. हातोडी आत विसरजो नको. तुहा अंगठा दिसल्याबिगर इथी कोनी हलनार नाई."

"इंजिन तं बंद हाये चाचा."

"तरी."

दीपिका आली तेव्हा डावा पंख अर्धा खाली आला होता. दसरूला ती दिसली, पांढऱ्या गणवेशात, स्कूटी रस्त्यातच लावलेली. तिला पाहताच त्याचं मन चौथ्या रांगेकडे गेलं आणि त्याने पटकन नजर काढली. पंख सावकाश उतरत होता. कोण जाणे किती वर्षांनी तो सांधा हलत होता, जुन्या दरवाजासारखा तक्रार करत. दोरावर पाचवा माणूस हवा होता, वारा आला तर पंख झटका देईल असं त्याला वाटलं. त्याने न बघता मागे तळवा दाखवला, जसा तिथे दाखवायचा. तो हात कुणी पाहील अशी खात्री नव्हती. दोर ताणला गेला. मागे वळून पाहिलं तर दीपिकाने ओढणी कमरेला खोचली होती आणि दोराचं टोक धरून पाय रोवून उभी होती.

डावी खीळ बसली. खट्. दसरूच्या दातांत तो आवाज गेला. मग उजवा पंख, मग सलमान आत, हातोडीचे चार ठोके, आणि खट्. आता ते विमान होतं. गर्दीतून "आ!" असा एक आवाज आला, आपल्या घरचं लेकरू पहिल्यांदा चाललं की येतो तसा. दसरू पोटाखालून डाव्या बाजूने बाहेर आला, उभा राहिला आणि उजवीकडे पाहिलं. किती वर्षं त्याने त्या बाजूला पाहिलं होतं! सलमान बाहेर आला. भुवया मातीने भरलेल्या. त्याने हातोडी दाखवली आणि अंगठा वर केला. दसरूनेही केला.

क्रेनवाला वरून कुणाकडे पाहावं ते न कळून अंकुशकडे पाहत होता. अंकुशने दसरूकडे बोट दाखवलं. "बाबाकडं पाह्य. ते सांगतीन तसं."

क्रेनचे पट्टे पोटाखालून गेले, साखळ्या ताणल्या. दसरूने क्रेनवाल्याकडे पाहिलं, मग आभाळात कुठेच न पाहता हात उचलला आणि तळवा वर केला. चाकं रस्त्यावरून सुटली. आणि त्याच क्षणी दसरूच्या अंगाने त्याला न विचारता जे करायचं ते केलं. तो बाजूला तीन पावलं धावला, बसला, डोकं गुडघ्यांत घातलं आणि डोळे मिटले. कारण तिथे तसंच होतं. तार लावली, अंगठा दाखवला की पळायचं, डेकच्या कडेला पालथं पडायचं, तोंड खाली. विमान डोक्याजवळून आग फेकत जायचं. मान वर करायला मनाई होती, पहिल्याच दिवशी डेकवरच्या वरिष्ठाने मानेवर चापट मारून शिकवलं होतं. तोंड उचलेपर्यंत पुढचं विमान समोर उभं असायचं, नवी तार हातात. एकाहत्तरच्या डिसेंबरात किती गेली ते त्याने आवाजावरून मोजलं होतं आणि परत आलेली डोळ्यांनी मोजली होती, गेली तेवढी आली होती. उतरताना त्याने शेकडो पाहिली. उडताना एकही नाही. शाळेत त्या दिवशी तो हेही सांगणार होता, तेवढ्यात लोक हसले.

खांद्यावर हात पडला. दीपिका शेजारी उकिडवी बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी वर काऊन नाई पाहून राह्यले?"

"पाहाचं नसते."

"आता पाहा ना."

तिला त्या सव्वीस जानेवारीचं काही बोलायचं होतं असं दसरूला वाटलं. पण ती त्याच्या केसांतली माती काढत राहिली. दसरूने मान उचलली. मान अवघडली होती, हळूहळू उचलावी लागली. ते वर होतं. डिसेंबरच्या उन्हात, दोन्ही पंख पसरून, कुठेही काप नाही, सापडलं तसं. खाली ओट्याचे तीन खांब त्याची वाट बघत होते, पण क्रेनवाल्याने खूण मिळेपर्यंत ते हवेतच धरून ठेवलं होतं. दसरूने खूण करायची घाई केली नाही. ते असं उडतं तर! पोटाखालचे दोन्ही आकडे स्पष्ट दिसत होते. डावा त्याचा.

गर्दीतली सगळी तोंडं वर होती. औषधवाला गोळ्यांची पिशवी हातात घेऊन आला होता आणि तोही वर पाहत होता. उद्या पाहुणे येतील, फीत कापतील, फोटो काढतील, आणि त्यानंतर रोज जाणारा-येणारा प्रत्येक माणूस, कोळशाचा ट्रकवाला, शाळेची लेकरं, नागभीडहून आलेली बाई, या ओट्याजवळून जाताना मान वर करील. त्याला विमानाचं नाक नीट दिसणार नाही, वरची काच दिसणार नाही. पोट दिसेल. सगळा चांदा, सगळं चंद्रपूर, आता ते खालूनच पाहणार होता, दसरूने पाहिलं होतं तिथून.

"ते दोन आकडे कायचे हो बाबा?" दीपिकाने विचारलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

दसरूने डावा हात उचलून बोट दाखवलं. "तिथंच जुपत होतो," तो म्हणाला. "ऐक, सांगतो."